भुरी, फिलॉक्सेरा आणि रिओहाची लाल वाईन

आजची नोंद द्राक्षवाल्यांसाठी, पण जरा लांबची.

उत्तर स्पेनमध्ये एब्रो नदीकाठी रिओहा नावाचा द्राक्षपट्टा आहे. तिथली ओकच्या पिंपात मुरवलेली लाल वाईन 'पारंपरिक' म्हणून जगभर विकली जाते. ही परंपरा फार तर पावणेदोनशे वर्षांची. आणि तिच्यामागं शेजारच्या फ्रान्समधले द्राक्षाचे रोग आहेत.

त्याआधी तिथले शेतकरी अख्खे घड दगडी हौदात टाकून आंबवायचे. ती वाईन लवकर पिऊन संपवायची, लांब पाठवली तर खराब व्हायची. 1850 नंतर फ्रान्सच्या बागांत भुरी शिरली. तिला गंधक सापडलं, तोवर 1860 च्या दशकात फिलॉक्सेरा आला. ही मुळांतला रस शोषणारी, डोळ्याला जेमतेम दिसणारी कीड. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर आली आणि बागाच्या बागा वाळल्या. बोर्डोचे व्यापारी मालासाठी रिओहात उतरले.

1862 मध्ये आलावा प्रांताच्या सरकारनं झाँ पिनो हा बोर्डोचा जाणकार शेतकऱ्यांना शिकवायला आणला. पद्धत चांगली होती, पण पिंपं विकत घ्यायची आणि माल दोन-तीन वर्षं अडकवून ठेवायचा! ज्याचं घर त्याच मालावर चालतं त्याला हे कसं झेपावं? बहुतेकांनी सोडून दिलं. मग मार्केस दे रिस्कल या धनिकानं पिनोला आपल्याकडं कामाला घेतलं. शिकवणी शेतकऱ्यासाठी होती, पदरात पडली भांडवलवाल्याच्या. आरो गावात रेल्वे आल्यावर स्टेशनाभोवती वाईनरी उभ्या राहिल्या. त्यातली लोपेझ दे एरेदिया ही 1877 ची वाईनरी आजही आपली पिंपं स्वतः बनवते.

पिंप 225 लिटरचं, लाकूड बहुतेक अमेरिकन ओक. ठरावीक महिन्यांनी वाईन एका पिंपातून दुसऱ्यात काढतात, गाळ खाली राहतो. अंड्याच्या पांढऱ्यानं ती नितळ करतात. ग्रान रेझर्व्हा म्हणजे किमान 5 वर्षं मुरलेली, त्यातली 2 ओकमध्ये.

पुतण्यानं बाहेरून आणलेली अशी एक मी चाखली. रंग जांभळा नव्हे, कडेला विटकरी. पहिल्या घोटाला जुन्या ट्रंकेतल्या कपड्यांसारखी वाटली, खोटं कशाला बोलू. थोडी हवा लागल्यावर ओल्या नारळाचा, व्हॅनिलाचा, सुक्या अंजिराचा वास आला. नारळ-व्हॅनिला लाकडाचा. तुरटपणा मात्र पार मऊ झालेला, कारण लाकडातून वर्षानुवर्षं हळूहळू हवा लागते. मुख्य वाण टेम्प्रानिलो, नावाचा अर्थच 'लवकर पिकणारी'.

पुढं फ्रान्सनं अमेरिकन खुंटावर कलमं करून बागा पुन्हा उभ्या केल्या. 1892 मध्ये बाहेरच्या वाईनवर जबर कर बसवला. रिओहाचं गिऱ्हाईक गेलं. आणि 1899 मध्ये फिलॉक्सेरा रिओहातच पोचला. उपाय तोवर सगळ्यांना माहीत होता, तरी बाग उपटून नवी लावायची म्हणजे खर्च आणि काही वर्षं उत्पन्न नाही. अनेकांनी गाव सोडलं.

आपण डॉगरिजवर कलम करतो ते क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, पण तो खुंटही अमेरिकेतल्याच रानवेलींच्या कुळातला. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही त्याच बोर्डोचं, 1885 च्या सुमाराचं, डाऊनीसाठी.

स्वतःच्या मुळावर उभी असलेली जुनी बाग अजून कुणाकडं आहे का? किती वर्षांची, जमीन कसली, खाली लिहा.