‘ऑथेल्लो’तील दोन न्यायनिवाडे

महादेवशास्त्री कोल्हटकर यांनी शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ १८६७ साली मराठीत आणले. पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांनी त्याच नाटकास ‘झुंझारराव’ हे देशी रूप दिले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी झुंझाररावाची भूमिका गाजविली. संशयाने पछाडलेल्या पतीची शोकांतिका म्हणून हे नाटक मराठी रसिकांच्या स्मरणात राहिले. परंतु त्याचा आरंभ एका न्यायसभेने होतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

व्हेनिसचा सरदार ब्राबान्शिओ ऑथेल्लोला आदराने घरी बोलावीत असे. कन्या डेस्डेमोनाने त्याच्याशी विवाह करताच मात्र हा काळा मूर सेनापती त्याला चेटक्या वाटू लागतो. गोऱ्या कुलीन कन्येचे मन जादूटोण्यावाचून वळणार नाही, हा त्याचा पुरावा. ड्यूक तो मान्य करीत नाही. तो ऑथेल्लोचे म्हणणे ऐकतो, डेस्डेमोनाला साक्षीस बोलावतो आणि मग आरोप गळून पडतो. तुर्कांचे आरमार सायप्रसवर चालून येत असल्याने व्हेनिसला या सेनापतीची गरज होती, हे खरे. तथापि सुनावणी झाली, हेही तितकेच खरे.

अखेरच्या अंकात ऑथेल्लो स्वतःच न्यायाधीश होतो. कॅशिओला बोलावून विचारावे, अशी विनवणी डेस्डेमोना करते. पण ज्या साक्षीने तो स्वतः निर्दोष ठरला होता, तो साक्षीचा अधिकार तो पत्नीला नाकारतो. इयागोने पेरलेला संशय हाच त्याचा पुरावा ठरतो.

सुनावणी झाली म्हणजे न्याय झालाच, असेही नव्हे. १६०० साली छापल्या गेलेल्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये भर दरबारात खटला चालतो. शायलॉक सूडबुद्धीने पेटलेला आहे, यात शंका नाही. परंतु निवाडा सांगणारी पोर्शिया ही वेषांतर केलेली, प्रतिपक्षाच्या मित्राची पत्नी आहे. आणि शिक्षेत धर्मांतराची सक्तीही येते. ज्या इंग्लंडने १२९० मध्ये ज्यूंना हद्दपार केले होते, तेथील प्रेक्षकांपुढे हे नाटक होत होते.

राजेश्वर परिसरातील वाचकांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जवळच्याच कल्याणनगरीत, बाराव्या शतकात, चर्मकार हरळय्यांचा पुत्र आणि ब्राह्मण मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला. त्यापायी राजा बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला, असे शरणपरंपरा सांगते. गिरीश कार्नाड यांनी ‘तलेदंड’ या कन्नड नाटकात तोच काळ रंगभूमीवर आणला.

व्हेनिसच्या सभेत विवाहितेला बोलू दिले गेले आणि विवाह टिकला. कल्याणमध्ये विवाह हाच अपराध ठरला. देश व काळ निराळे असले, तरी या कथांतून एकच गोष्ट प्रत्ययास येते : ज्याच्याविषयी मनात आधीच अढी बसली आहे, त्याचे म्हणणे ऐकून घेणे हीच न्यायासनाची खरी कसोटी होय.