वृद्धांचा आधार : ओसरीपासून कचेरीपर्यंत

म्हातारपणीं माणसाला काय लागतें? दोन वेळचें जेवण, थंडींत पांघरूण आणि विचारपूस करणारें आपलें कोणी तरी. या तीन गोष्टी पुरविण्याचें काम शतकानुशतकें घरानें केलें. घर थकलें तेव्हां गणगोतानें, गांवानें व देवळानें तें थोडेंबहुत उचललें. राज्यसंस्थेचा या व्यवहारांत प्रवेश फार उशिरां झाला. जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत १८८९ सालीं वार्धक्याच्या विम्याचा कायदा झाला. इंग्लंडनें १९०८ च्या कायद्यानें ७० वर्षांवरील गरिबांस आठवड्याला जास्तींत जास्त ५ शिलिंग देण्याचें ठरविलें, आणि पुढील वर्षारंभापासून टपालकचेऱ्यांतून त्यांचें वाटप सुरू झालें. भारतांत हा विचार १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमांत आला. परंतु तेथेंहि त्याला राज्याच्या ऐपतीची मर्यादा घातलेली आहे.

हा प्रवास गोंदिया जिल्ह्यासारख्या मुलखांत कसा घडला हें पाहणें उद्बोधक आहे. हा मुलूख मूळचा मध्यप्रांतांतील भंडारा जिल्ह्याचा भाग. १९५६ सालीं तो द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आला, आणि १ मे १९९९ रोजीं आठ तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. भाताची शेती, मालगुजारांच्या काळचे तलाव व बोड्या, तेंदूपानांचीं जंगलें आणि विड्या वळणारे हात, असें येथील जीवन. मालगुजारी १९५१ सालीं संपली. तिच्या अमदानींत थकलेल्या चाकराला मालकाच्या ओसरीवर कोपरा मिळेल कीं नाहीं, हें मालकाच्या मर्जीवर असे. तो कोणाचा हक्क नव्हता. रोवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलांत वांकून जिनें जन्म काढला, तिला साठीनंतर तें वांकणें साधत नाहीं. आणि ज्या दिवशीं वांकणें थांबतें त्याच दिवशीं मजुरीहि थांबते. सरकारी नोकराप्रमाणें तिला निवृत्तिवेतनाचा आधार नसतो. राज्याच्या मदतीचा खरा प्रश्न उभा राहतो तो अशा माणसांसाठीं.

महाराष्ट्र शासनानें प्रथम हात घातला तो आश्रमांच्या कामाला. स्वयंसेवी संस्था चालवीत असलेल्या वृद्धाश्रमांस समाजकल्याण खात्यामार्फत अनुदान देण्याची योजना १९६३ सालीं सुरू झाली. ६० वर्षांवरील पुरुषांस व ५५ वर्षांवरील स्त्रियांस तेथें आसरा मिळावा, अशी कल्पना होती. १९९५ सालीं मातोश्री वृद्धाश्रम योजनेनें तिचा विस्तार केला. परंतु आश्रम ही वस्तु शहरास अधिक मानवणारी. खेड्यांतील म्हातारी आपलें अंगण व आपली माणसें सोडून सहसा निघत नाहीं. तिला घरच हवें असतें. मात्र त्या घरांत आपण केवळ भार झालों नाहीं, एवढें दाखविण्यापुरते चार पैसे पदरीं असावे, असें तिला वाटतें.

ही गरज ओळखणारी योजना १९८० सालीं आली. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतांना संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली आणि निराधारांस दरमहा रोख मदत मिळूं लागली. तिची कार्यवाही तहसीलदाराकडे सोंपविण्यांत आली व अर्ज मंजूर करण्यास तालुक्याची समिति नेमण्यांत आली. यांत व्यवहारी शहाणपण होतें. समाजकल्याणाची कचेरी जिल्ह्याच्या ठिकाणीं असते. महसुलाचा तलाठी मात्र खेड्याच्या जवळ असतो. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्र सरकारनेंहि ६५ वर्षांवरील निराधारांस मासिक ७५ रुपयांचें निवृत्तिवेतन सुरू केलें. त्यानंतर राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षांवरील वृद्धांसाठीं आली. मासिक रक्कम ६०० रुपयांवरून २०१९ सालीं १,००० व २०२३ सालीं १,५०० रुपये झाली.

योजनांचीं नांवें पाहिलीं तरी विचारांतील पालट दिसतो. अनुदान म्हणजे देणाराची कृपा. निवृत्तिवेतन म्हणजे श्रमाचें उशिरां मिळालेलें मोल. श्रावणबाळाचें नांव तर फारच अर्थपूर्ण. आंधळ्या आईबापांना कावडींत बसवून यात्रेस नेणारा तो पुत्र राजा दशरथाच्या बाणानें मेला. कथेंत राजानें वृद्धांचा आधार हिरावला. योजनेंत राजसत्ता त्याच पुत्राची जागा घेऊं पाहते.

पुत्र मात्र दाखला मागत नाहीं. कचेरीला तो मागावाच लागतो. वय काय, राज्यांतील वास्तव्य किती, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत आहे काय, हें सर्व कागदानें सिद्ध व्हावें लागतें. ही मर्यादा दिवसाला अवघ्या ५७ रुपयांच्या आसपास पडते. जिच्या जन्माची नोंद कोठेंच नाहीं व जी शाळेंत कधीं गेलीच नाहीं, तिनें वय सिद्ध कसें करावें? देवरी वा सालेकसा तालुक्यांतील जंगलांतल्या गांवाहून तहसीलीपर्यंतची खेप म्हणजे एक दिवस व भाड्याचे पैसे. शिवाय आपण अद्याप जिवंत आहों, याचाहि दाखला वर्षाकांठीं द्यावयाचा! वयाचा हिशोबहि एक नाहीं. राज्याच्या धोरणानें २०१८ सालीं ज्येष्ठत्वाचें वय ६० वर आणलें, श्रावणबाळ योजनेनें ६५ धरलें, आणि २०२२ सालीं एस. टी. चा मोफत प्रवास ७५ वर्षांवरील प्रवाशांस देण्यांत आला. एकच म्हातारी एका कचेरींत वृद्ध ठरते व दुसऱ्या कचेरींत अद्याप तरुण!

कुटुंबाची जबाबदारी राज्यानें काढून घेतली, असेंहि नव्हे. २००७ सालच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानें ती उलट दृढ केली. महाराष्ट्रांत १ मार्च २००९ पासून लागू झालेल्या या कायद्यान्वयें उपविभागीय अधिकारी न्यायाधिकरणाचें काम पाहतो. मुलांनीं सांभाळ नाकारल्यास दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च देण्याचा हुकूम तो करूं शकतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास परत घेण्याची सोयहि त्यांत आहे. आणि वकिलावांचून दाद मागतां यावी, अशी योजना आहे. पण पोटच्या मुलाविरुद्ध अर्जावर अंगठा उठविणें कोणत्या आईला सोपें जाईल?

म्हणून या साऱ्या व्यवस्थेची कसोटी आंकड्यांत नाहीं, अंतरांत आहे. खेड्यांतल्या ओसरीवर बसलेल्या म्हातारीपासून तहसीलीच्या खिडकीपर्यंतचें अंतर कोण किती कमी करतो, हें पाहिलें पाहिजे. ज्या दिवशीं तलाठी कागद घेऊन तिच्या दारीं येईल, आणि ती उपकार म्हणून नव्हे तर आपलें देणें म्हणून तो पैसा पदरांत बांधील, त्या दिवशीं श्रावणबाळाचें नांव सार्थ झालें असें म्हणतां येईल.