गळावरची माशी : सह्याद्रीचे पीस आणि बियासचे पाणी

महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना मनालीला नेताना आम्ही मंडळातली मंडळी कटराईपाशी घटकाभर मुद्दाम थांबतो. तेथे बियासच्या गार पाण्यात मांडीपर्यंत उभा राहून लांब काठीने दोर हवेत मागेपुढे खेळवणारा एखादा तरी मनुष्य हटकून दिसतो. "गळाला गांडूळ लावले असेल, नाही?" असे पाहुणे विचारतात. गांडूळ नव्हे, पीस, रेशीम आणि थोडी जर, एवढेच त्या गळावर असते. ते ऐकून कोकणातल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास उमटतो, तो आम्ही अनेकदा पाहिला आहे.

ही विद्या साहेबांनी आणली, असे आपण समजतो. मासा त्यांनी आणला हे तर खरेच. १९०० साली काश्मीरमध्ये तपकिरी ट्राउट रुजला आणि १९०९ साली हॉवेल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने काश्मीरची अंडी आणून कुलू खोऱ्यात माहिली येथे पैदास सुरू केली. इंद्रधनुषी ट्राउटला मात्र या खोऱ्यात खरा जोर आला तो १९९१ मध्ये नॉर्वेहून अंडी आणून पतलीकुहलच्या केंद्रात वाढवली गेली तेव्हापासून. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ज्याला स्टीलहेड म्हणतात, तो हाच मासा. नदीत जन्मून समुद्रात जातो, तेथे पोसून मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत चढतो. पतलीकुहलच्या हौदात फिरणाऱ्या त्याच्या भाऊबंदांनी समुद्र कधी पाहिलेला नसतो, इतकाच काय तो फरक.

हा फरक माशी निवडताना मात्र फार मोठा ठरतो. बियासमधला ट्राउट भुकेला असतो. पाण्यावर जो कीटक उडत असेल त्याच्या रंगाची व आकाराची माशी त्याच्यापुढे ठेवावी लागते. समुद्रातून परतलेला स्टीलहेड नदीत फारसे काही खातच नाही. तो तोंड घालतो ते रागाने म्हणा, कुतूहलाने म्हणा किंवा बालपणीच्या सवयीने म्हणा; जाणकारांचे यावर आजही एकमत नाही. म्हणून त्याच्यासाठी कीटकाची हुबेहूब नक्कल करण्याऐवजी नदीच्या पाण्याकडे पाहूनच माशी निवडतात. पाणी गढूळ व फुगलेले असेल तर मोठी, नारिंगी किंवा गुलाबी. पाणी उतरून निवळ झाले की लहान आणि काळपट. बियासच्या काठीही हाच हिशेब थोडाफार लागू पडतो. मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी दुधाळ होते, तेव्हा मार्चमधली नाजूक माशी माशाला दिसतसुद्धा नाही.

आमच्या मंडळाच्या एका वयोवृद्ध सभासदांनी ही माशी बांधण्याची कृती आम्हांस एकदा जेवणाच्या टेबलावर करून दाखविली. गळ लहानशा चिमट्यात घट्ट धरायचा. मेण लावलेल्या दोऱ्याचे वेढे गळाच्या डोळ्यापासून वाकापर्यंत द्यायचे. त्यावर रेशमाचे किंवा लोकरीचे अंग चढवायचे आणि वर जरीची तार सर्पिल फिरवायची. मग कोंबड्याच्या मानेचे पीस त्याच्या दांडीने गुंडाळायचे, म्हणजे तंतू चहूकडे उभे राहतात आणि पाण्यात पायांसारखे हलतात. शेवटी पंख, डोक्याशी गाठ, गाठीवर लाखेचा थेंब. पैठणीची किनार पाहिलेल्या माणसास यातले काहीच परके वाटू नये. जुनी म्हणावी तर ही कृती फार जुनी आहे. इलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातील कोळ्यांविषयी लिहिताना तांबडी लोकर आणि कोंबड्याची दोन पिसे गळास बांधण्याची रीत सांगितली आहे, आणि त्याला आता अठराशे वर्षे होत आली.

त्याच सभासदांनी मग एक पत्र्याची डबी उघडली. आत चार जुन्या विलायती माश्या होत्या आणि प्रत्येकीच्या गालावर पांढरट-पिवळा, मेणाच्या थेंबासारखा चकाकणारा एकेक डोळा होता. ते पीस होते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे. चंडीगडच्या मागे शिवालिकमध्ये आढळतो तो तांबडा रानकोंबडा. त्याच्या मानेवर असा डोळा नसतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडात सामनसाठी ज्या भरजरी माश्या बांधल्या जात, त्यांतील 'जॉक स्कॉट'सारख्या नामांकित माशीला हा डोळा असल्याखेरीज पूर्णता नसे. पुढे तोच शौक अमेरिकेत स्टीलहेडच्या माशीवरही गेला. (त्या माश्यांत 'इंडियन क्रो' नावाचेही एक पीस असते, तो पक्षी दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे भारतीयही नव्हे आणि कावळाही नव्हे. विलायती व्यापाऱ्यांचा भूगोल असा होता.)

हे डोळे फक्त नराच्या मानेवर असतात, आणि पावसाळ्याच्या सुमारास तेही गळून तेथे साधी काळपट पिसे येतात. म्हणजे पक्षी ऐन तोऱ्यात असताना त्याला मारावे तेव्हाच माल हाती लागे. मानेचे कातडे पिसांसकट सोलून वाळवीत आणि तसेच बोटीने रवाना करीत. एका कातड्यातून पुष्कळ माश्या बांधून होत. पण त्यासाठी एक नर जाई. आमच्यापैकी ज्यांचे बालपण घाटमाथ्यावर गेले, त्यांना पहाटेची ती तुटक बांग आठवते; ती विरळ होण्याचे कारण त्या वयात कोणास ठाऊक असणार? जंगलतोड आणि मांसासाठीचे फासे हीही कारणे आहेतच, सगळा दोष गळाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस भारताने या पिसांची निर्यात थांबविली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीलाही आळा घातला. त्यानंतर परदेशातील कारागीर पाळीव पैदाशीच्या पक्ष्यांची पिसे वापरू लागले. काहींनी साध्या पिसावर रंगाचा ठिपका देऊन काम भागविले. मासे त्यालाही लागतात, असे म्हणतात!

मासेमारीचे आमचे स्वतःचे शास्त्र नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाचा स्वतंत्र अध्याय आहे. मासे कोणते, ते कोठे राहतात, त्यांना आमिष कोणते द्यावे, दोरी आणि काठी कशी असावी, हे त्या राजाने बारकाईने सांगितले आहे. इंग्लंडात गळाच्या मासेमारीवरचे पहिले पुस्तक छापले गेले ते १४९६ साली. मानसोल्लासाची संस्कृत संहिता श्रीगोंदेकरांनी संपादिली आणि ती बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत निघाली. त्यातील मत्स्यविनोदाकडे विसाव्या शतकातील शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले ते सुंदरलाल होरा या पंजाबी मत्स्यशास्त्रज्ञाने. सोमेश्वराच्या आमिषांत पिठाचे गोळे आहेत, पिसांची माशी नाही. पिसे आपल्या रानात होती, रेशीम व जर आपल्या पेठांत होती. ती एकत्र बांधण्याची गरज आपल्या उष्ण, संथ नद्यांना बहुधा पडली नसावी.

आम्ही त्या सभासदांना विचारले, की या चार माश्या तुम्ही कधी पाण्यात टाकल्या का? एकदा, ते म्हणाले, कटराईच्या खाली, १९७४ च्या एप्रिलात. मासा लागला होता. दोर तुटेल या भीतीने नव्हे, तर माशी जाईल या भीतीने त्यांनी काठी सैल सोडली आणि मासा सुटल्यावर ती माशी रुमालात पुसून पुन्हा डबीत ठेवली.