सांख्यिकीतील चिन्हे

आकडेवारीतील राशी व त्यांवरील क्रिया थोडक्यात मांडण्याची ठरीव लेखनपद्धती. कर्नाटकातील बीदर आणि कलबुर्गी या सीमाजिल्ह्यांत मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. फारसीतून आलेला ‘सरासरी’ हा शब्द मराठीप्रमाणे कन्नडातही चालतो, उर्दूत त्याला ‘औसत’ म्हणतात. मराठीतला ‘बहुलक’ (सर्वाधिक वेळा येणारी किंमत) कन्नडात ‘रूढिबेले’ होतो. शब्द असे बदलले तरी चिन्हे तिन्हीकडे तीच राहतात, हा त्यांचा मोठा गुण.

निरीक्षणाच्या किमतीला x, म्हणजे येथे ‘क्ष’, मानतात. त्याच्या पायाशी लिहिलेला लहान अंक फक्त क्रमांक सांगतो. तो घात नव्हे. Σ (मोठा सिग्मा) म्हणजे ‘सर्वांची बेरीज करा’ ही आज्ञा. ऑयलरने हे चिन्ह १७५५ मध्ये वापरले. समजा, तुरीच्या पाच शेतांचा एकरी उतारा ४, ६, ५, ३ आणि ७ क्विंटल आहे. येथे Σक्ष = २५; त्याला ५ ने भागले की सरासरी ५ येते. नमुन्याची सरासरी क्षच्या डोक्यावर आडवी रेघ देऊन दाखवतात.

विद्यार्थी बहुधा अडखळतात ते कंसापाशी. Σक्ष² मध्ये आधी प्रत्येकाचा वर्ग, मग बेरीज : १६ + ३६ + २५ + ९ + ४९ = १३५. (Σक्ष)² मध्ये आधी बेरीज, मग वर्ग : २५ × २५ = ६२५. सूत्र पाठ असूनही उत्तर चुकते ते येथेच, म्हणून अशी लहान उदाहरणे हाताने सोडवणे आवश्यक आहे.

संपूर्ण समूहाला समष्टी म्हणतात. तिच्या सरासरीला μ (म्यू) आणि प्रमाण विचलनाला σ (छोटा सिग्मा) ही ग्रीक अक्षरे आहेत. नमुन्यासाठी रोमन अक्षरे वापरतात. २०११ च्या जनगणनेतील बीदर जिल्ह्याचे १७,०३,३०० लोक ही समष्टी. पीक कापणी प्रयोगात मात्र निवडक शेतेच मोजतात, तो नमुना. या प्रयोगांची शास्त्रीय घडी बसवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

वरील उदाहरणात सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १० येते. पाच शेते हीच समष्टी असेल तर १० ला ५ ने भागून वर्गमूळ काढावे, तेच प्रमाण विचलन : सुमारे १.४१. ती नमुना असतील तर संख्येपेक्षा एकने कमी, म्हणजे ४ ने भागतात : सुमारे १.५८. शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर या दोन्हींची वेगवेगळी सोय असते. कोणती वापरायची, हे आकडे समष्टीचे की नमुन्याचे यावर ठरते.