काचघराची गळती
काचघराची गळती : घराला जोडून काचेचे छत व काचेच्या भिंती उभारून केलेल्या खोलीत पाणी येणे, त्याचा उगम शोधणे आणि ते बंद करणे. थंड देशांत हिवाळ्यातले ऊन घरात घेण्यासाठी रूढ झालेली ही सनरूम आता पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर आणि लोणावळा-महाबळेश्वरच्या बंगल्यांतही दिसते. तिकडच्या बांधणीला इथे मात्र वेगळ्याच पावसाला तोंड द्यावे लागते. छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दर चौरस मीटरला एक लिटर पाणी जमते. म्हणजे 12 चौरस मीटरच्या छतावर तासाला 100 मिमी सर कोसळली, तर पन्हळीला मिनिटाला 20 लिटर पाणी वाहून न्यावे लागते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला. एवढ्याच छतावरून त्या दिवशी अकरा हजार लिटरांहून अधिक पाणी उतरले असते.

काचेच्या छतात थेंबभरही पाणी शिरणार नाही, असे गृहीत धरून केलेली रचना फसते. जोसेफ पॅक्स्टन यांनी लंडनच्या 1851 च्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभारला, तेव्हा लाकडी पन्हळीला वरच्या बाजूने पावसासाठी मोठी खाच ठेवली आणि काचेच्या आतून ओघळणाऱ्या दवासाठी दोन्ही कडांना बारीक खाचा कोरल्या. हे पाणी पोकळ बिडाच्या खांबांतून खाली जाई. आजच्या चांगल्या अ‍ॅल्युमिनियम बांधणीतही हेच तत्त्व असते. काच रबरी गॅस्केटवर टेकते, वरून झाकणपट्टी बसते आणि तिच्यातून शिरलेले थोडे पाणी पट्टीतल्या आतल्या नाळीने उतरून तळाच्या निचऱ्याच्या भोकांतून बाहेर पडते. ही भोके धूळ, पालापाचोळा किंवा कुंभारमाशीच्या मातीच्या घरट्याने बुजली की नाळ भरते आणि पाणी खोलीत उतरते. गळती दिसताच बाहेरच्या प्रत्येक फटीवर सिलिकॉन मारणारा कारागीर पुष्कळदा ही भोकेही बुजवून टाकतो. मग आधी एका जागी गळणारे छत चार जागी गळू लागते.

उष्णतेने होणारी हालचाल हे सांधे सुटण्याचे मोठे कारण आहे. पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत धातूच्या तापमानात 50 अंशांचा फरक पडला, तर चार मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे 4.6 मिमी वाढते. तेवढ्याच लांबीची काच मात्र 1.8 मिमीच. या तीन-एक मिलिमीटरची ओढाताण रोज सांध्याला सोसावी लागते. कडक झालेले गॅस्केट कोपऱ्यात आखडते आणि जुने सिलिकॉन एका कडेने सुटते. ती फट खालून दिसतही नाही, पण केशाकर्षणाने पाणी ओढून घ्यायला तेवढी पुरते.

पाणी जिथे टपकते तिथेच ते शिरले असेल, हा समज पहिल्यांदा सोडावा लागतो. थेंब पट्टीच्या आतून उतारावर दोन-तीन मीटर सरकतो आणि एखाद्या स्क्रूपाशी किंवा आडव्या पट्टीपाशी अडून खाली पडतो. म्हणून आधी वेळेची नोंद ठेवावी. पाऊस सुरू होताच ठिबकले, तर वाट जवळची आणि थेट असते. तासाभराने, पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहिले, तर घराची भिंत पाणी पीत असण्याचा संभव जास्त. फक्त पश्चिमेकडून झड आली की गळत असेल, तर त्या बाजूचे उभे सांधे तपासावेत. पाऊस नसताना थंड पहाटे काच आतून ओली झाली, तर ते दव आहे. खोलीत 20 अंश तापमान व 50 टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे 9 अंशांपर्यंत थंडावलेल्या काचेवर पाणी साचू लागते. त्यावर हवा खेळती ठेवणे हाच इलाज. दुहेरी काचेच्या आत धुके धरले असेल, तर त्या काचेची सीलबंद कड गेलेली असते आणि ती काच बदलावीच लागते.

उगम नक्की करायला पाण्याच्या नळीइतके भरवशाचे साधन नाही. एक माणूस बाहेर, दुसरा आत कोरडा टिपकागद घेऊन. वरचे सांधे प्लास्टिक व टेपने झाकून सुरुवात सर्वांत खालच्या सांध्यापासून करायची. अमेरिकेतील प्रचलित चाचणीत सुमारे दीड मीटर लांबीवर, एक फूट अंतरावरून, पाच मिनिटे पाणी मारतात. आत काही आले नाही तरच एक पायरी वर चढायचे. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्याच सांध्यांवरून जातो आणि काहीच ठरत नाही. ही चाचणी कंटाळवाणी आहे, तिच्यात अर्धा दिवस जातो. पण ती टाळून केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ अंदाज.

भिंत आणि छत यांचा सांधा सर्वांत आधी संशयित धरावा. इथे धातूची फ्लॅशिंग पट्टी विटांच्या दरजेत सुमारे 25 मिमी खोल शिरवून काचेच्या छतावर उतरवायची असते. आपल्याकडे ती अनेकदा गिलाव्यावर नुसती चिकटवतात. गिलाव्याला चीर गेली की पाणी पट्टीच्या मागून उतरते आणि पुढे कितीही सिलिकॉन भरले तरी थांबत नाही. खाच पाडून पट्टी नव्याने बसवणे हेच खरे काम.

इतर सांध्यांत आखडलेले गॅस्केट ओढून ताणू नये, ते बदलावे. सिलिकॉन भरायचे असेल तर जुने पात्याने पूर्ण खरवडून, कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून घ्यावी; जुन्या मळकट थरावर नवा थर धरत नाही. सिलिकॉन 'न्यूट्रल' प्रकारचे घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन धातू गंजवते, सिमेंटवर टिकत नाही आणि लॅमिनेटेड काचेच्या मधल्या थरालाही बाधते. 12 मिमी रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबून वर सुमारे 6 मिमी थर द्यावा, म्हणजे तो दोन्ही कडांना चिकटून मधे ताणायला मोकळा राहतो. हा थर दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने पक्का होतो. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीचे एप्रिल-मे महिने या कामाला योग्य, फक्त भर दुपारची तापलेली पट्टी टाळावी.

काचेवर पाय देऊन काम करू नये. काच लॅमिनेटेड असली तरीही नाही. भिंतीला टेकलेली शिडी किंवा पट्ट्यांवर भार घेणारी फळी वापरावी. छताचा उतारच अपुरा असेल किंवा सांगाडा मधे झुकून पाणी साचत असेल, तर सांधे भरून उपयोग होत नाही. काचा उतरवून सांगाडा पुन्हा पातळीत घ्यावा लागतो. दुरुस्ती पक्की झाल्यावर नळीची तीच चाचणी त्याच क्रमाने पुन्हा घ्यावी आणि या वेळी निचऱ्याच्या भोकांतून पाणी बाहेर येते की नाही, हेही पाहावे.