महालक्ष्मीची जत्रा आणि परमुलखातील मेळे : वारली कारागिरीच्या विक्रीचा इतिहास

डहाणू शहरातील मसोली, मल्याण यांसारख्या वस्त्यांपासून तलासरीच्या डोंगरपट्टीपर्यंत पसरलेल्या मुलखात जत्रा-बाजारांची परंपरा जुनी असली, तरी त्या बाजारांत वारली माणूस प्रामुख्याने गिऱ्हाईक म्हणून उभा राहत आला. स्वतःच्या हातची कलाकृती घेऊन घरापासून शेकडो कोस दूर मांडणारा विक्रेता म्हणून तो दिसू लागला, तो १९७० नंतरच.

या मुलखातील सर्वांत मोठी जत्रा विवळवेढे येथील महालक्ष्मीची. चैत्र पौर्णिमेला सुरू होऊन सुमारे पंधरवडाभर चालणाऱ्या या जत्रेचा काळ शेतीच्या आणि संसाराच्या वेळापत्रकाशी जुळलेला आहे. भाताचे काम केव्हाच आटोपलेले असते, लग्नसराई चालू असते आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करावयाची असते. म्हणून सुकी मासळी, मसाले, भांडी, बांगड्या आणि खेळणी यांची दुकाने येथे लागतात, आणि त्यांतील पुष्कळसे दुकानदार बाहेरगावाहून आलेले असतात. बांबूच्या टोपल्या, सुपे, धान्य साठवण्याच्या कणग्या किंवा पावसात डोक्यावर घेण्याचे इरले या वस्तू वारली घरात होत असत, परंतु त्या मुख्यतः घरच्या वापरासाठी. त्यांतील काही बाजारात गेल्या तरी त्यांना दूरची पेठ नव्हती.

पेठ नसण्याचे कारण केवळ अंतर हे नव्हे. १८६४ च्या सुमारास मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग डहाणूवरून गेल्यावर येथील लाकूड आणि गवत बाहेर जाऊ लागले, पण ते ठेकेदार आणि जमीनदार यांच्या हातून. वारली कुटुंब पावसाळ्यात ‘खावटी’ म्हणून, म्हणजे पोट भरण्यासाठी, धान्य उसने घेई आणि त्याच्या फेडीत गुंतून पडे. वेठीचे, म्हणजे बिनमजुरीचे, कामही त्याच्याकडून करून घेतले जाई. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या तरुणाला सावकाराकडे राबावे लागे, त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. आदिवासींच्या या स्थितीवर मुंबई सरकारने नेमलेल्या सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३९ मध्ये अहवाल लिहिला, आणि मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी येथे भरलेल्या किसान सभेच्या परिषदेनंतर गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्धचा लढा उभा राहिला. ज्याचे श्रमच गहाण पडलेले, त्याने कारागिरी घेऊन परगावी जावे ही गोष्ट त्या काळात संभवत नव्हती.

पुढे ज्या कलेने परमुलखाची वाट धरली ती तर मुळात विक्रीची नव्हतीच. लग्नाच्या वेळी झोपडीच्या सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहीत. चौकात पालघट देवी असे आणि ‘धवलेरी’, म्हणजे लग्नविधी चालवणारी स्त्री, गाण्यांतून देवतांना आवाहन करी. विधी संपला की चित्राचे प्रयोजन संपे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला-यंत्रणेच्या वतीने या भागात आले. त्यापूर्वी बिहारमधील दुष्काळात मधुबनीच्या स्त्रियांच्या हाती कागद देण्याचे काम त्यांनीच केले होते. तेथे कागदावर प्रामुख्याने स्त्रियांचाच हात राहिला. डहाणूत मात्र भिंत सुटताच कुंचला मोठ्या प्रमाणावर पुरुषांकडे गेला, आणि हा फरक किरकोळ नव्हे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. विधीच्या चौकटीबाहेर पडून तारपा वाजवणारा, शेत, मासेमारी आणि जंगल हे विषय त्यांनी कागदावर व कापडावर ज्या सैलपणे मांडले, त्यातूनच विकले जाणारे वारली चित्र घडले.

त्यानंतरची पिढी मेळ्यांची. १९८७ पासून हरियाणातील सूरजकुंड येथे भरणारा हस्तकला मेळा, १९९४ मध्ये सुरू झालेले आणि कारागिरांना आळीपाळीने गाळे देणारे ‘दिल्ली हाट’, बचतगटांच्या मालासाठी मुंबईत भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन (नाव देवीचे असले तरी विवळवेढ्याशी त्याचा संबंध नाही) अशा ठिकाणी येणारा गिऱ्हाईक अनोळखी आणि घाईतला. त्याच्या पिशवीत मावेल असा छोटा कागद, कापडी पिशवी, किटली, फुलदाणी यांवर चित्रे उतरली. दिवसदिवस लागणाऱ्या मोठ्या चित्राला गाळ्यावर भाव मिळणे अवघड. २०१३ पासून बोर्डीला भरणाऱ्या चिकू महोत्सवामुळे हा गिऱ्हाईक डहाणूच्या दारी येऊ लागला, परंतु तोही बव्हंशी मुंबईकडचा पाहुणाच.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेले नाव तेथील नोंदणीकृत उत्पादकांनीच मालासाठी वापरावे असे कायद्याचे संरक्षण लाभले. गाळ्यावरील विक्रेत्याला त्याचा उपयोग आहे. मात्र ज्या सुवासिनींच्या हातून ही रेषा आली, त्यांची नावे मेळ्यांच्या इतिहासात क्वचितच आढळतात, आणि जोवर मेळे भरवणाऱ्या संस्था नोंदणीत व गाळे देताना स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या नावाने जागा देत नाहीत, तोवर हा इतिहास अर्धाच लिहिला गेला असे म्हणावे लागेल.