पंचवीस डॉलरचा प्रोसेसर

घरी संगणक जोडायचा म्हटले की पहिला प्रश्न, प्रोसेसर कोणता? उत्तर बहुधा खिसाच देतो. पन्नास वर्षांपूर्वीही तसेच होते.

जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात 'अल्टेअर ८८००' झळकला. सुटे भाग मागवायचे, घरी डाग देऊन जोडायचे. आत इंटेलचा ८०८०, पण मेमरी अवघी २५६ बाइट. कीबोर्ड नाही, पडदा नाही. खटके वरखाली करून आकडे भरायचे आणि उत्तर दिव्यांवर वाचायचे!

तो पाहायला मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजात हौशी मंडळी जमली. त्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक हा तरुण अभियंता होता. इंटेलचा प्रोसेसर त्याला परवडणारा नव्हता. सप्टेंबरमध्ये मॉस टेक्नॉलॉजीने ६५०२ हा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला. त्याने तोच घेतला. मात्र कीबोर्ड त्याने सोडला नाही, आणि पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडला. त्यातूनच १९७६ चा 'ॲपल-१' आला.

प्रोसेसर स्वस्तातला, पण माणसाला समोर बसून काम करता येईल असे यंत्र. मला वाटते, संगणक सामान्य घरात शिरला तो या निवडीमुळे. सुट्या भागांची यादी करताना आधी 'यावर मी काय करणार?' हे लिहावे. किमती नंतर.